वाचकांचे प्रश्न : नॉक सेन्सरला नेमके काय ऐकू येते?

टर्बो इंजिनांच्या इग्निशन टायमिंगविषयीच्या, म्हणजे ठिणगी केव्हा पाडावी याविषयीच्या, आमच्या लेखानंतर जी पत्रे आली, त्यांतील बहुतेक पत्रांचा रोख नॉक, म्हणजे सिलिंडरमधील मिश्रण स्वतःहून एकदम पेटल्याने बसणारा ठोका, कसा ओळखावा, याच प्रश्नाकडे आहे. त्यांपैकी पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लांबले आहे, कारण पुढची बरीचशी उत्तरे त्याच्यावरच उभी आहेत.

प्रश्न : माझ्याकडे जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे. तिच्या १.८ लिटर टर्बो इंजिनावर मी मोठा टर्बो आणि स्वतंत्र ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) बसवला आहे. कंपनीचे मूळ दोन नॉक सेन्सर ब्लॉकवर तसेच आहेत. नव्या ईसीयूमध्ये फ्रिक्वेन्सी, विंडो, गेन आणि थ्रेशोल्ड असे चार आकडे भरायचे आहेत आणि प्रत्येक जाणकार वेगळे आकडे सांगतो. कोणते आकडे भरावेत आणि कोणत्या क्रमाने? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : या चार आकड्यांपैकी फक्त पहिला कागदावर काढता येतो. उरलेले तीन आपल्याच इंजिनाकडून शिकून घ्यावे लागतात आणि म्हणूनच दुसऱ्याच्या गाडीतले आकडे आपल्या गाडीत चालत नाहीत. सेन्सरला नॉक म्हणजे काय हे ठाऊक नसते. त्याच्या आतल्या पिझो चकतीवर एक छोटे वजन बसवलेले असते आणि ब्लॉक थरथरला की ते वजन चकतीला दाबते व त्या दाबातून सूक्ष्म व्होल्टेज निर्माण होते, एवढेच त्याचे काम. त्या थरथरीत पिस्टनचा, व्हॉल्व्हचा, पंपांचा असा सगळ्यांचा आवाज मिसळलेला असतो. कोल्हापुरात फाउंड्रीचे काम जवळून पाहिलेल्या माणसाला हे सांगायला नकोच : ओतीव तुकड्यावर हातोडी मारून तडा ओळखणारा कारागीर चांगल्या तुकड्याचा आवाज आधी शेकडो वेळा ऐकून बसलेला असतो. ईसीयूलाही हीच शिकवण आधी द्यावी लागते.

प्रथम फ्रिक्वेन्सी. स्पार्कने पेटलेली ज्योत पुढे सरकत असताना कडेला उरलेले मिश्रण वाढता दाब आणि उष्णता सहन न होऊन एकदम स्वतःहून पेटते, तेव्हा दाबाची लाट सिलिंडरच्या एका भिंतीकडून दुसरीकडे आपटत राहते. पाण्याने भरलेली परात उचलताना पाणी जसे या काठावरून त्या काठावर हिंदकळते, तसाच हा प्रकार असतो. परात मोठी असेल तर पाणी सावकाश हिंदकळते, तसा बोअर (सिलिंडरचा व्यास) मोठा असेल तर नॉकची फ्रिक्वेन्सी कमी होते. जळत्या वायूतील ध्वनीचा वेग लक्षात घेऊन ट्यूनर एक सोपा ठोकताळा वापरतात : ९०० या संख्येला ३.१४ आणि मिलिमीटरमधील बोअरची त्रिज्या यांच्या गुणाकाराने भागले की उत्तर किलोहर्ट्झमध्ये येते. आपल्या इंजिनाचा बोअर ८१ मिलिमीटर आहे, म्हणजे त्रिज्या ४०.५, आणि उत्तर ७.०७ किलोहर्ट्झ. प्रत्यक्षात तापमानानुसार हा आकडा थोडा मागेपुढे होतो, म्हणून फिल्टर साडेसहा ते साडेसात किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सरकवून पाहावा. याच फ्रिक्वेन्सीच्या सुमारास इंजिनाचा स्वतःचा यांत्रिक आवाज फार मोठा असेल, तर काही ईसीयूंमध्ये दुप्पट फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे १४ किलोहर्ट्झच्या आसपास, ऐकण्याची सोय असते. तेथे नॉक क्षीण ऐकू येतो, पण गोंगाटही बराच कमी असतो.

आकडे भरण्यापूर्वी सेन्सर स्वतः हाताने काढून पुन्हा बसवावेत, असा माझा आग्रह आहे. ब्लॉकवरील बसण्याची जागा सपाट आणि धातू उघडा दिसेल इतकी स्वच्छ हवी. रंग, गंज, सीलंट किंवा वॉशर मध्ये आला की थरथर तेथेच विरते. मधे भोक असलेल्या चपट्या सेन्सरचा आठ मिलिमीटरचा बोल्ट साधारण २० न्यूटन मीटरला टॉर्क पान्याने आवळावा. हाताच्या अंदाजाने आवळलेल्या सेन्सरची संवेदनशीलता बदलते आणि मग पुढचे सगळे आकडे चुकीच्या पायावर उभे राहतात. सेन्सरची वायर शील्ड असलेलीच घ्यावी, तिचे शील्ड एकाच टोकाला अर्थ करावे आणि ती इग्निशन कॉइलच्या वायरींपासून दूर न्यावी. आपल्या इंजिनात एक सेन्सर पहिल्या व दुसऱ्या सिलिंडरसाठी आणि दुसरा तिसऱ्या व चौथ्यासाठी आहे. ईसीयूमध्ये वाटणी तशीच करावी.

विंडो म्हणजे क्रँकच्या फेऱ्यातील जेवढ्या अंशांत ईसीयूने कान उघडा ठेवायचा तेवढा भाग. नॉक ठिणगीनंतर, पिस्टन टीडीसी (त्याचा सर्वांत वरचा बिंदू) ओलांडून खाली निघाल्यावर होतो, त्यामुळे टीडीसीनंतर सुमारे १० अंशांपासून ५० किंवा ६० अंशांपर्यंत ऐकणे ही चांगली सुरुवात आहे. मात्र येथे एक बारीक गोष्ट आहे आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदललेल्यांनी तिच्याकडे खास लक्ष द्यावे. चार सिलिंडरच्या इंजिनात एक सिलिंडर पॉवर स्ट्रोक सुरू करतो, त्याच वेळी त्याच्यानंतर पेटणारा सिलिंडर इनटेक स्ट्रोक संपवून वर निघालेला असतो आणि त्याचा इनटेक व्हॉल्व्ह काही अंशांनी सीटवर आपटून बंद होतो. मूळ कॅमवर हे आपटणे पुष्कळदा नेमके आपल्या विंडोमध्येच येते. म्हणून नॉक नसतानाही दर फेरीला त्याच अंशावर एक उंचवटा दिसत असेल, तर तो व्हॉल्व्हचा समजावा आणि विंडो त्याच्या अलीकडे संपवावी. विंडो उगाच मोठी ठेवण्यात दुसराही तोटा आहे. ६००० आरपीएमला ५० अंश केवळ १.४ मिलिसेकंदांत सरतात आणि तेवढ्या वेळात सात किलोहर्ट्झची जेमतेम दहा आवर्तने बसतात. त्यात गोंगाटाची भर पडली तर नॉक ओळखायला हाती काहीच उरत नाही.

आता मुख्य काम, म्हणजे निरोगी आवाजाची नोंद. हे काम डायनोवरच, म्हणजे गाडी जागेवर उभी ठेवून तिला भार देणाऱ्या यंत्रावरच, करावे. रस्त्यावर एकच आरपीएम आणि एकच भार धरून ठेवता येत नाही आणि सुरक्षितही नसते. मिळेल ते सर्वांत चांगले पेट्रोल भरावे, इंजिन पूर्ण तापू द्यावे, बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) वेस्टगेटच्या, म्हणजे तो दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेच्या, स्प्रिंगइतकाच ठेवावा आणि टायमिंग अंदाजे मॅपपेक्षा (ईसीयूमधील आकड्यांच्या तक्त्यापेक्षा) चार ते सहा अंश मागे घ्यावे. अशा स्थितीत नॉक होणे जवळजवळ अशक्य असते, त्यामुळे सेन्सरला जे ऐकू येईल ते इंजिनाचे नेहमीचे बोलणे. २००० पासून दर ५०० आरपीएमला, हलका, मध्यम आणि जास्त अशा तीन भारांवर, चारही सिलिंडरच्या नोंदी वेगवेगळ्या घ्याव्यात. आरपीएम वाढेल तसा आवाज वाढतोच, पण सरळ रेषेत नव्हे. एखाद्या ठिकाणी मध्येच उसळी दिसते, आणि ती बहुधा एखाद्या ब्रॅकेटच्या किंवा पाइपच्या थरथरीची असते. गेन, म्हणजे सेन्सरचा सिग्नल किती पट वाढवायचा तो आकडा, असा ठेवावा की सर्वांत वरच्या आरपीएमला निरोगी आवाज मोजमापाच्या निम्म्यापर्यंतच जाईल, म्हणजे खरा नॉक आला तर त्याला वर जायला जागा राहील.

या नोंदींवर थ्रेशोल्डची, म्हणजे ज्याच्या वर गेलेला आवाज नॉक धरायचा ती, रेषा ओढायची. पहिला अंदाज म्हणून सरासरीच्या दीडपट घ्यावी, मात्र निरोगी नोंदींतील सर्वांत मोठा ठोकाही त्या रेषेखाली राहतो ना, हे प्रत्येक सिलिंडरसाठी तपासावे. एवढ्यावर काम संपत नाही. ज्या थ्रेशोल्डने एकदाही खरा नॉक पकडलेला नाही, त्याच्या भरवशावर मी कोणाचेही इंजिन सोडत नाही. २५०० ते ३००० आरपीएमच्या दरम्यान, बूस्टशिवाय, मध्यम भारावर टायमिंग एकेक अंश पुढे न्यावे आणि ब्लॉकचा आवाज ऐकवणाऱ्या हेडफोनमध्ये पहिली हलकी टकटक ऐकू येताच ईसीयूनेही तीच नोंद केली का ते पाहून लगेच मागे यावे. हा प्रयोग पूर्ण बूस्टवर कधीही करू नये. त्यानंतर ईसीयूची प्रतिक्रिया ठरवावी : नॉक दिसताच त्या सिलिंडरचे टायमिंग दोन ते तीन अंश झटक्यात मागे, एकूण मर्यादा आठ ते दहा अंशांची, आणि परत पुढे येणे सेकंदाला अर्ध्या अंशाच्या सावकाश गतीने.

प्रश्न : आमच्या गॅरेजचे मिस्त्री कानाने नॉक ओळखतात. महागडी उपकरणे न घेता कान आणि मोबाइल यांवर भागवता येईल का? — एक वाचक, सातारा

उत्तर : कान हे अव्वल उपकरण आहे, पण त्याला ब्लॉकपर्यंत पोहोचवावे लागते. बॉनेट बंद करून गाडीत बसलेल्या माणसाला चार हजार आरपीएमच्या वर, एक्झॉस्ट आणि टर्बोच्या आवाजात, नॉक ऐकू येईल ही अपेक्षा चूक आहे, आणि पिस्टन बहुधा याच टप्प्यात फुटतात. तांब्याच्या नळीचे एक टोक चेपून, त्याला भोक पाडून ते ब्लॉकवर बोल्टने आवळायचे आणि दुसऱ्या टोकाला लांब रबरी नळी लावून ती कानावरच्या इअरमफला जोडायची, ही जुनी युक्ती आजही काम देते. तिच्यात इलेक्ट्रॉनिक्स काहीच नसल्याने बिघडण्यासारखेही काही नाही. खरा नॉक एकदा असा ऐकला की विसरला जात नाही : पत्र्याच्या डब्यात चार खडे टाकून डबा क्षणभर हलवावा तसा, कोरडा आणि अनियमित. व्हॉल्व्ह ट्रेनचा आवाज मात्र आरपीएमबरोबर नियमित, शिलाई मशीनसारखा चालतो.

मोबाइल बॉनेटखाली ठेवून केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये पंखा आणि वारा यांचाच आवाज जास्त येतो. त्याऐवजी ब्लॉकवर एक जादा नॉक सेन्सर बसवून, त्याचा सिग्नल लहान ॲम्प्लिफायरमधून लॅपटॉपच्या माइक इनपुटला द्यावा. संगीतासाठी वापरला जाणारा ४४.१ किलोहर्ट्झचा सॅम्पलिंग दर नॉकच्या दोन्ही फ्रिक्वेन्सींना पुरतो. हे रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरच्या स्पेक्ट्रोग्राम दृश्यात उघडले, तर सात किलोहर्ट्झच्या आसपास नॉकचे बारीक उभे ठिपके डोळ्यांना दिसतात आणि आपल्या इंजिनाची खरी फ्रिक्वेन्सी ठोकताळ्यापासून किती दूर आहे तेही समजते. मिस्त्रींच्या कानाला हा चित्रमय पुरावा दाखवला की दोघांचे एकमत लवकर होते, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : फोर्ज्ड पिस्टन टाकल्यापासून ४५०० आरपीएमला ईसीयू सतत नॉक दाखवतो आणि टायमिंग मागे घेतो. ट्यूनर म्हणतात की हा खोटा नॉक आहे, थ्रेशोल्ड वाढवून टाका. वाढवावा का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : ट्यूनरांचे निदान बरोबर असू शकते, पण ते सिद्ध होईपर्यंत थ्रेशोल्डला हात लावू नये. फोर्ज्ड पिस्टन गरम झाल्यावर जास्त फुगतात, म्हणून त्यांना भिंतीपासून जास्त मोकळीक द्यावी लागते. त्यामुळे ते, विशेषतः थंड इंजिनात, भिंतीवर आपटतात आणि तो आवाज सेन्सरपर्यंत पोहोचतो. खरे-खोटे ठरवण्याची परीक्षा सोपी आहे. भाराशिवाय, न्यूट्रलमध्ये, तेच ४५०० आरपीएम धरून पाहावे. भार नसताना नॉक होत नाही, त्यामुळे तेथेही खूण दिसली तर कारण यांत्रिक. पण न्यूट्रलमध्ये खूण नसली तरी नॉक सिद्ध होत नाही, कारण भाराखाली हलणारे ब्रॅकेटही तसेच वागते. मग भार देऊन त्याच ठिकाणी टायमिंग चार अंश मागे घ्यावे. नॉक असेल तर तो नाहीसा होईल किंवा स्पष्ट घटेल, आणि यांत्रिक आवाज जवळपास तेवढाच राहील. टाकीत जास्त ऑक्टेनचे, म्हणजे नॉकला जास्त तोंड देणारे, पेट्रोल भरून हीच परीक्षा पुन्हा घेतली की शंकेला जागा उरत नाही.

यासोबत स्पार्क प्लगही काढून भिंगाखाली पाहावेत. पांढऱ्या पोर्सिलीनवर मिरपुडीसारखे काळे ठिपके किंवा चमकणारे रुपेरी कण दिसले, तर ते रुपेरी कण आपल्या पिस्टनचे ॲल्युमिनियम आहे आणि मग तो नॉक खोटा म्हणता येणार नाही.

हे मी एवढ्या आग्रहाने सांगतो, त्याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गाडीवर मी ४२०० आरपीएमची अशीच खूण दोन दिवस शोधत होतो आणि शेवटी ती एक्झॉस्टच्या हीट शील्डच्या सैल ब्रॅकेटची निघाली. पुढच्याच महिन्यात दुसऱ्या गाडीत तशीच खूण आली, तेव्हा हीही ब्रॅकेटचीच असणार असे धरून मी परीक्षा न घेता थ्रेशोल्ड वाढवला. तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनचा, दोन रिंगांमधला कंगोरा तुटला. खर्च मी भरून दिला, पण ज्याची गाडी होती त्या तरुणाचा त्या वर्षीचा स्पर्धांचा हंगाम गेला, आणि तो मला परत देता आला नाही.

प्रश्न : गाडी १०० ऑक्टेनच्या पेट्रोलवर ट्यून केली आहे. प्रवासात ते मिळत नाही आणि पंपावरचे साधे पेट्रोल भरावे लागते. नॉक सेन्सर एवढा फरक सांभाळून घेईल ना? शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, त्याचा काय परिणाम? — एक वाचक, पुणे

उत्तर : ही कल्पना जुनी आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. साब कंपनीने १९८२ मध्ये आपल्या टर्बो गाड्यांवर एपीसी ही यंत्रणा आणली, तिचा हेतूच हा होता : सेन्सरने नॉक ऐकला की बूस्ट आपोआप कमी व्हायचा, त्यामुळे पेट्रोलचा दर्जा बदलला तरी इंजिन वाचायचे. पण ती यंत्रणा बूस्ट कमी करत होती. आपला ईसीयू बहुधा फक्त टायमिंग मागे घेतो, आणि टायमिंग फार मागे गेले की मिश्रण उशिरा जळते, उष्णता पिस्टनऐवजी एक्झॉस्टमध्ये जाते आणि टर्बो लाल होतो. खंडाळ्याच्या घाटात पाच मिनिटे पूर्ण भार देऊन चढताना प्रत्येक सिलिंडर आठ अंश मागे असेल, तर पिस्टन वाचेल, पण टर्बाइनची चाके आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह यांची खात्री देता येणार नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ईसीयू नॉक झाल्यानंतरच प्रतिक्रिया देतो. पहिला ठोका इंजिनाने सोसलेलाच असतो.

म्हणून प्रवासात मिळेल त्या सर्वांत कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर एक वेगळा मॅप, कमी बूस्टसह, तयार करावा आणि डॅशबोर्डवरील स्विचने तो निवडण्याची सोय ठेवावी. १०० ऑक्टेनचे पेट्रोल इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये पुणे-मुंबईसह दहा शहरांत आणले. त्या शहरांबाहेर ते मिळेलच असे धरून चालू नये. टाकीत दोन्ही पेट्रोल मिसळलेले असतील, तर कमी दर्जाच्या पेट्रोलचा मॅप वापरावा.

इथेनॉलचा परिणाम नॉकच्या बाबतीत अनुकूलच आहे : त्याचा ऑक्टेन जास्त असतो आणि वाफ होताना ते आत येणाऱ्या हवेला थंड करते. मात्र त्याला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, त्यामुळे शुद्ध पेट्रोलचे हवा-इंधनाचे १४.७ हे प्रमाण वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला लागू पडत नाही; ते साडेतेराच्या आसपास येते. वाइडबँड मीटरवर (एक्झॉस्टवरून मिश्रण मोजणाऱ्या मीटरवर) हवा-इंधन प्रमाणाऐवजी लॅम्डा, म्हणजे मिळालेली हवा आणि इंधन पूर्ण जळायला लागणारी हवा यांचे गुणोत्तर, वाचण्याची सवय लावावी, म्हणजे मिश्रण नकळत पातळ राहून नॉकला आमंत्रण मिळणार नाही.

प्रश्न : माझ्या लहान, डायरेक्ट इंजेक्शन (इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) टर्बो गाडीचे रीमॅप केले आहे, म्हणजे ईसीयूचे आकडे बदलले आहेत. पाचव्या गिअरमध्ये १६०० आरपीएमला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला असता एकच मोठा ठोका ऐकू आला, नंतर काही नाही. नॉक सेन्सरच्या नोंदीत टायमिंग क्षणभर मागे गेलेले दिसते. काळजी करावी का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : करावी. हा नेहमीचा नॉक नसून कमी आरपीएमवरील प्री-इग्निशन असण्याची शक्यता मोठी आहे. यात ठिणगी पडण्यापूर्वीच, बहुधा सिलिंडरच्या भिंतीवरून उडालेल्या तेलाच्या थेंबामुळे किंवा सुटलेल्या काजळीच्या कणामुळे, मिश्रण पेटते आणि दाब इतका चढतो की एकच ठोका पिस्टन किंवा कनेक्टिंग रॉड मोडू शकतो. ठिणगीच्या आधीच आग लागलेली असल्याने टायमिंग मागे घेऊन काहीच साधत नाही. सेन्सर येथे केवळ झालेल्या घटनेचा साक्षीदार असतो. उपाय मॅपमध्ये आणि तेलात आहे. २५०० आरपीएमच्या खाली टॉर्कची मर्यादा मूळ पातळीवर आणून ठेवायला ट्यूनरांना सांगावे, आणि इंजिन ऑइल एपीआय एसपी (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या) दर्जाचे वापरावे, कारण तेलातील कॅल्शियमयुक्त डिटर्जंटचे प्रमाण जास्त असले की हा प्रकार वाढतो, हे लक्षात घेऊनच त्या दर्जात याची वेगळी चाचणी ठेवलेली आहे. गाडी वर चढवायची असेल तर आधी खालचा गिअर टाकावा. तोपर्यंत रीमॅप काढून मूळ मॅपवर चालवावी, आणि या आठवड्यात प्लगच्या भोकातून बोरस्कोप घालून चारही किंवा तीनही, जितके असतील तितक्या पिस्टनांच्या कडा पाहून घ्याव्यात. एखाद्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन इतरांपेक्षा कमी आढळले, तर गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेऊ नये, टो करून न्यावी.